प्रशिक्षणवर्गाची पद्धतशीर आखणी

देणगीतून घेतलेले यंत्र किंवा बांधलेला कक्ष सर्वांच्या नजरेस पडतो. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावरील खर्च मात्र जमाखर्चात एका ओळीपुरताच उरतो. या खर्चाचे चीज व्हावे, म्हणून प्रशिक्षणवर्ग शास्त्रशुद्ध रीतीने कसे आखावेत याचा आम्ही अभ्यास करीत आहोत. त्याची थोडक्यात माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास रुजू होताना व पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. किती जणांस प्रशिक्षण दिले, हेही कळवावे लागते. परंतु हजेरीपटावर सही झाली म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. वापरलेली सुई चुकीच्या पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या किंवा मामांच्या हातात रुतते, आणि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी वा एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

येथे उपयोगी पडणारी पाच पायऱ्यांची पद्धत १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी विकसित झाली. विश्लेषण, आराखडा, साहित्यनिर्मिती, अंमलबजावणी व मूल्यमापन या त्या पायऱ्या होत.

विश्लेषणात प्रथम प्रत्यक्ष काम पाहावयाचे असते. सुई चुकीच्या जागी का पडते? माहितीचा अभाव असेल, तर वर्ग हवा. सुयांचा पांढरा डबा दूर ठेवलेला असेल, तर डबाच जवळ आणावयास हवा. तेथे वर्गावरील खर्च व्यर्थ होय.

आराखड्यात उद्दिष्ट कृतीच्या भाषेत लिहावे लागते. ‘कचऱ्याविषयी माहिती देणे’ एवढे पुरेसे नाही. ‘इंजेक्शन दिल्यानंतर सुईला पुन्हा टोपण न लावता ती तत्काळ पांढऱ्या डब्यात टाकणे’ असे ते असावे. असे उद्दिष्ट तपासता येते.

साहित्य त्यावरूनच ठरते. वाचनाची सवय नसणाऱ्यांसाठी छापील टिपणांपेक्षा चित्रे व खरे डबे अधिक उपयुक्त. अंमलबजावणीत लहान गट करून रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही सामावून घ्यावे, आणि प्रत्येकाकडून कृती करवून घ्यावी.

मूल्यमापनाचे चार स्तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडले : प्रतिसाद, शिकणे, वर्तन व परिणाम. वर्ग आवडला, हा केवळ पहिला स्तर. काही आठवड्यांनी वॉर्डात तीच कृती अचूक होते काय आणि सुई टोचण्याच्या घटना कमी होतात काय, हे पुढचे स्तर. नोंद करण्याची भीती गेल्यामुळे प्रारंभी नोंदी वाढूही शकतात. त्यामुळे आकडे विचारपूर्वक वाचावे लागतात.

आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब वहीत असतोच. प्रशिक्षणाचा खरा हिशेब रुग्णाच्या खाटेपाशी आणि सफाई करणाऱ्या हातांच्या सुरक्षिततेत मांडला जावा, हीच आमची भूमिका आहे.