छपरावर पॅनेल, घरात अंधार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली, मंडणगडातली कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. अशा वेळी छपरावर सौर पॅनेल असूनही घरात दिवा लागेलच असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नेटमीटरला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच स्वतःही बंद पडतो. खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय असते.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण असेल तर मात्र हा प्रश्न जिवाचा. पाच लिटरचे यंत्र साधारण 350 वॅट घेते. रात्रीच्या दहा तासांना साडेतीन युनिट. म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याहून थोडी मोठीच बॅटरी हवी. शिवाय एक भरलेला सिलिंडर, कारण आषाढात ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. इन्सुलिनचे तेवढे अडत नाही. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन 30 अंशांखाली चार आठवडे टिकते. न उघडलेल्याला 2 ते 8 अंश लागतात.

रत्नागिरीत पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे 17 अंश ठेवावा. माडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी साखळीतल्या इतरांची वीज घटू शकते. पंप, इस्त्री दुपारीच उरकावी, बॅटरी रात्रीसाठी राहते. पॅनेल धुवायला शेवाळलेल्या कौलांवर चढू नये. सकाळी, काच तापण्याआधी, खालूनच पाइपने पाणी मारावे.