पहिल्या फेरीतील दुरुस्ती : आकडा आणि वास्तव

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे. महाराष्ट्रात श्रावणातील मंगळवारी घरोघरी पूजिली जाणारी देवी येथे स्वतःच्या देवळात नांदते. जवळच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. या अरुंद गल्ल्यांत मोटार शिरत नाही. अशा वस्तीतले एखादे एटीएम बिघडले, असे समजू. तंत्रज्ञाला हत्यारांची पिशवी घेऊन पायीच यावे लागेल. आवश्यक सुटा भाग सोबत नसेल तर त्याची फेरी वाया जाईल. तोवर वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला दुसरे यंत्र शोधत हिंडावे लागेल. किती बिघाड पहिल्याच फेरीत दूर झाले, हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

तो काढण्याची रीत वरवर सोपी आहे. समजा, एका तिमाहीत वीस निरनिराळ्या बिघाडांसाठी तंत्रज्ञ आला आणि सतरा तक्रारी पहिल्याच भेटीत बंद झाल्या. प्रमाण ८५ टक्के. परंतु त्या सतरांपैकी चार बिघाड सात दिवसांच्या आत पुन्हा उद्भवले असतील, तर खरी दुरुस्ती तेरांचीच, म्हणजे ६५ टक्के. पुन्हा उद्भवलेल्या बिघाडास नवा तक्रार क्रमांक दिला, की ही तफावत कागदावरून नाहीशी होते. यास्तव जुन्या व नव्या तक्रारीची सांगड यंत्राच्या क्रमांकावरून घालणे अगत्याचे आहे. दूरस्थ केंद्रातूनच यंत्र पूर्ववत झाले असेल, तर ती तक्रार या हिशेबात मुळीच धरू नये. एरवी प्रमाण विनाकारण फुगते.

वादाचा मुद्दा वेगळाच आहे. रोकड ठेवलेली तिजोरी दोघांच्या संयुक्त ताब्यात असते; त्यांपैकी एकजण अनुपस्थित असल्यास तंत्रज्ञ वेळेवर येऊनही हात हलवत परततो. असा प्रसंग गणनेतून वगळावा, असा सेवा पुरवठादाराचा आग्रह असणे स्वाभाविक आहे. मात्र ग्राहकाच्या दृष्टीने यंत्र बंदच राहिलेले असते. तेव्हा प्रसंग मोजावा, फक्त कारण शाखेच्या नावे नोंदवावे, हेच न्याय्य होय.

तक्रारीच्या शब्दांवरही पुष्कळ अवलंबून असते. ‘यंत्र बंद आहे’ एवढ्यावरून कोणता भाग सोबत न्यावा, हे तंत्रज्ञास कळत नाही. ‘नोटा मोजल्याचा आवाज येतो, पण रक्कम बाहेर येत नाही’ असे कळविल्यास तो तयारीने येतो. अशा वेळी खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर यंत्राच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई देय आहे.