प्लीहेचा अंमल

उदराच्या डाव्या अंगास, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, मुठीएवढे, जांभळट वर्णाचे आणि प्रौढ मनुष्यात सुमारे 150 ग्रॅम वजनाचे जे मऊ इंद्रिय वसते, त्यास वैद्यकात प्लीहा व लोकव्यवहारात पाणथरी म्हणतात. जे काढून टाकले तरी माणूस जगतो ते निरुपयोगीच असले पाहिजे, अशा समजुतीने या इंद्रियाची जी दीर्घकाळ उपेक्षा झाली, ती मला उघड अन्यायाची वाटते. चरकसंहितेने रक्तवाही स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांच्या ठायी सांगितले आहे. प्रयोगशाळेचे साहाय्य नसतानाही रक्ताशी असलेले तिचे नाते त्या आचार्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

गर्भावस्थेत अस्थिमज्जा कामास लागण्यापूर्वी रक्तनिर्मितीचा मुख्य भार यकृत वाहते व प्लीहाही त्यात काही काळ आपला वाटा उचलते; पुढे मज्जेचा अंमल बसला म्हणजे मनुष्याच्या प्लीहेतील तांबड्या पेशींची निर्मिती बंद पडते. तथापि तंतूंच्या वाढीने मज्जाच निकामी करणाऱ्या रोगात प्लीहा ते जुने काम पुन्हा हाती घेते, आणि पुष्कळदा बेंबीपलीकडे वाढते.

उंदरात मात्र ही निर्मिती आयुष्यभर चालू राहते, आणि या एका गोष्टीने वैद्यकशास्त्राला अमोल लाभ करून दिला. 1949 साली शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणात सुरक्षित ठेवून बाकीच्या देहावर क्ष-किरणांचा प्राणघातक मारा केला, तेव्हा एरवी खात्रीने दगावले असते असे कित्येक प्राणी वाचले आणि त्यांची उद्ध्वस्त मज्जाही सावरली. 1961 साली टोरोंटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी, असाच मारा झालेल्या उंदरांच्या शिरेत दुसऱ्या उंदरांच्या मज्जापेशी सोडल्या, तो सुमारे दहा दिवसांत प्लीहेवर लहान लहान गाठी उठल्या. त्यांतील प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असल्याचे पुढे सिद्ध झाले. रक्ताच्या मूलपेशींचे शास्त्र या गाठींवर उभे आहे.

मनुष्याच्या प्लीहेचा रोजचा कारभार तिच्या दोन भागांत चालतो. तांबड्या गरातील अरुंद फटी म्हणजे रक्ताच्या वाटेवरचा जकात नाकाच: सुमारे 120 दिवसांचे आयुष्य संपत आलेली, ताठर झालेली तांबडी पेशी तेथे अडकते, भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातील लोह नव्या पेशींसाठी मज्जेकडे परत रवाना होते. शरीरातील सुमारे एक तृतीयांश बिंबाणूही येथेच राखून ठेवलेले असतात. सतराव्या शतकात मार्चेल्लो माल्पिगी यांनी पाहिलेले पांढऱ्या गराचे कण म्हणजे लसिकापेशींचे समुदाय होत. रक्तातून आलेल्या जंतूची ओळख पटताच त्या तेथे वाढतात, परिपक्व होतात आणि प्रतिपिंडे निर्माण करतात. न्यूमोकॉकससारख्या, शर्करेचे कवच पांघरलेल्या जंतूंविरुद्ध तर प्लीहेइतका खंबीर रक्षक शरीरात दुसरा नाही.

याचा दाखला शोकांतिकेतूनच मिळाला. 1952 साली किंग आणि शूमाकर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी, प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना झालेल्या भीषण जंतुसंसर्गाची हकिकत प्रसिद्ध केली, आणि ज्याला आपण फालतू समजत होतो त्या इंद्रियाची किंमत शल्यवैद्यांस कळून आली.

आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रोग आहे. त्यात वारंवार रक्तपुरवठा खंडित होऊन कित्येक मुलांची प्लीहा शस्त्रावाचूनच निकामी होते. अशा मुलांच्या पालकांना, आणि अपघातामुळे वा रोगामुळे प्लीहा गमावलेल्या प्रत्येकास माझी कळकळीची विनंती आहे: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्या लसी वैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर घ्या, शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल तर त्या किमान दोन आठवडे अगोदर टोचून घ्या, आणि ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेस दवाखाना गाठा.