लुईस कॅरोलचा उपलब्ध पत्रव्यवहार : जतन, विनाश आणि अन्वयार्थ

प्रस्तावना

लेखकाच्या चरित्रलेखनात खाजगी पत्रव्यवहार हे प्रथम दर्जाचे साधन मानले जाते. मात्र उपलब्ध पत्रे म्हणजे लिहिलेली सर्व पत्रे नव्हेत. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चा (१८६५) कर्ता लुईस कॅरोल, म्हणजेच ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचा अध्यापक चार्ल्स लटविज डॉजसन (१८३२-१८९८), याचा पत्रव्यवहार हे या विधानाचे बोलके उदाहरण होय. त्यातील काय टिकले, कोणामुळे टिकले आणि त्यावरून कोणते निष्कर्ष काढता येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्रनोंदवही

१८४० मध्ये इंग्लंडमध्ये एक पेनीची टपालसेवा सुरू झाली आणि पत्रलेखन मध्यमवर्गाच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग बनले. १ जानेवारी १८६१ पासून कॅरोलने आलेल्या व पाठविलेल्या प्रत्येक पत्राची अनुक्रमांकासह सारांशरूपाने नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. पत्रलेखनासंबंधी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तिकेत त्याने ही पद्धत वाचकांनाही समजावून सांगितली. या नोंदवहीतील अखेरचा क्रमांक ९८,७२१ होता. ३७ वर्षांचा हा हिशेब दिवसाला सरासरी सात पत्रांचा होतो. पुढे ही नोंदवहीच गहाळ झाली. त्यामुळे किती हरवले याचा अंदाज करता येतो. परंतु नेमके काय हरवले, हे सांगता येत नाही.

जतन आणि विनाश

पाठविलेले पत्र लेखकाजवळ राहत नाही. ते ज्याला मिळते त्याच्या मर्जीवर टिकते. कॅरोलच्या बालमैत्रिणींनी आरशात धरून वाचावयाची, कोड्यांची व गमतीची पत्रे आठवण म्हणून जपली. याउलट अ‍ॅलिस लिडेलला बालपणी आलेली पत्रे तिच्या आईने फाडून टाकली. म्हणजे ज्या मुलीसाठी ही कथा रचली गेली, तिच्याच वाट्याच्या पत्रांच्या जागी आज पोकळी आहे. दैनंदिनीच्या १३ खंडांपैकी चार खंडही उपलब्ध नाहीत. त्यामुळे ही पोकळी दैनंदिनीच्या आधारे भरून काढणेही सर्वत्र शक्य होत नाही.

संपादन आणि प्रतिमा

१९३३ मध्ये एव्हलिन हॅच यांनी बालमैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांची निवड प्रसिद्ध केली. अशा संग्रहातून ‘फक्त मुलांतच रमणारा एकाकी अध्यापक’ ही प्रतिमा दृढ होण्यास साहाय्य झाले. १९७९ मध्ये मॉर्टन कोहेन यांनी रॉजर लॅन्सेलिन ग्रीन यांच्या सहकार्याने पत्रांचे दोन खंड संपादित केले. १९८७ मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेशी झालेला, तर २००३ मध्ये चित्रकारांशी झालेला पत्रव्यवहार ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. यांतून छपाईचा दर्जा व चित्रांचे तपशील यांविषयी कमालीचा काटेकोर असलेला व्यवहारी ग्रंथकार समोर येतो. पूर्वीची प्रतिमा सर्वस्वी खोटी ठरत नाही, पण ती अपुरी ठरते.

मुलांशी असलेल्या कॅरोलच्या संबंधांविषयी विसाव्या शतकात तीव्र वाद झाले. १९९९ मध्ये कॅरोलिन लीच यांनी रूढ प्रतिमेलाच आव्हान दिले. येथे अभ्यासकाची जबाबदारी वाढते. टिकलेल्या पत्रांतील लाडिकपणा हा दोषाचा पुरावा मानणे जितके घाईचे, तितकेच त्याच पत्रांच्या आधारे त्याला निर्दोष ठरविणेही घाईचे आहे. मौनाचा अर्थ दोन्ही बाजूंना सोयीनुसार लावता येतो.

समारोप

पत्रसंग्रहाचा अभ्यास करताना पत्रातील मजकुराइतकाच त्याच्या जतनाचा इतिहासही तपासावा लागतो. पत्र कोणी राखले, कोणी नष्ट केले आणि कोणी निवडले, हे प्रश्न चरित्रसाधनांच्या चिकित्सेत अपरिहार्य ठरतात. कॅरोलने प्रत्येक पत्राचा हिशेब ठेवला. तरीही त्याच्याविषयीचा निर्णय आज इतरांनी जपलेल्या पत्रांवर अवलंबून आहे. म्हणूनच असा निर्णय देताना पुराव्याची मर्यादा प्रथम नमूद करणे हेच संशोधनदृष्ट्या उचित होय.