लासलगावचा लिलाव आणि दिल्लीची अधिसूचना: कांदा निर्यातीच्या नियमनाचा मागोवा

१ एप्रिल २०२५ रोजी कांद्यावरचे २० टक्के निर्यात शुल्क उठले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेला फेरा त्या दिवशी संपला: आधी शुल्क, मग किमान निर्यात मूल्य, मग सरळ बंदी, मग पुन्हा मूल्य आणि शुल्क. सुमारे वीस महिने नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर आणि धुळे या जिल्ह्यांतली कांद्याची शेती दिल्लीतून निघणाऱ्या कागदाकडे डोळे लावून बसली होती. यात नवे काहीच नव्हते. गेल्या पन्नास वर्षांत हा फेरा इतक्या वेळा फिरला आहे की कांदापट्ट्यातल्या प्रत्येक पिढीला आपापली निर्यातबंदी आठवते. शुल्क उठले म्हणून प्रश्न मिटला असे समजण्याआधी हा सगळा प्रवास एकदा सलग पाहायला हवा.

या नियमनाचे मूळ कांद्याहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली आयात-निर्यातीवर सरकारी नियंत्रण आले आणि १९४७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९९२ मध्ये विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा आला आणि परवान्यांचे जुने राज्य बरेच सैल झाले. एक अधिकार मात्र कायम राहिला. केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही मालाची निर्यात खुली करू शकते, तिच्यावर अटी घालू शकते किंवा ती थांबवू शकते. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली की ती बहुतेक वेळा त्याच दिवसापासून लागू होते. यंत्रांच्या किंवा कापडाच्या निर्यातदाराला हा धक्का कधीतरी बसतो. कांद्याच्या वाट्याला तो इतक्या नेमाने आला की तोच धोरणाचा पाया होऊन बसला.

१९७०च्या दशकात कांद्याची निर्यात नाफेडमार्फत होऊ लागली. परदेशात किती माल जायचा आणि कोणत्या दराने जायचा, हे सरकारी व्यवस्था ठरवे. निर्यातीचे दार किलकिले झाले की बाजार सावरे, ते बंद झाले की कोसळे. शेतकऱ्याच्या हाती यातले काहीच नसे. याच काळात स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेले शरद जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले होते. चाकणच्या बाजारात पडलेले कांद्याचे भाव त्यांनी शेतकरी होऊन पाहिले. तिथून शेतकरी संघटनेचे पहिले मोठे आंदोलन उभे राहिले. नोव्हेंबर १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको, रेल रोको झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. घामाचे दाम मागणाऱ्या या चळवळीचा आरोप सरळ होता. सरकार शेतकऱ्याला मदत करत नाही, एवढ्यावर तो थांबत नव्हता. भाव वाढू लागला की सरकार मुद्दाम तो पाडते, असे चळवळ म्हणत होती. या आरोपाचे उत्तर देण्याची वेळ त्यानंतरच्या प्रत्येक सरकारवर आली.

त्याच १९८०च्या जानेवारीत दुसरी बाजूही देशासमोर आली होती. इंदिरा गांधींनी लोकसभेच्या प्रचारात कांद्याच्या चढ्या भावाचा मुद्दा घेतला आणि त्या सत्तेवर परतल्या. १९९८मध्ये पावसाने पीक गेले, दिल्लीत कांदा किलोला चाळीस-पन्नास रुपयांच्या घरात गेला, निर्यातीवर बंदी आली. तरीही नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत दिल्लीची सत्ता भाजपच्या हातून गेली. या दोन निवडणुकांचा धडा सर्व पक्षांच्या मनात खोल रुजला. भाव चढला तर सरकार पडते, ही भीती दिल्लीत कायमची वसली. भाव पडला तर शेतकरी मोडतो, ही काळजी तिच्या तोडीने कधी वाढली नाही.

यानंतरच्या तारखा ओळीने मांडल्या की त्यांतला क्रम दिसतो. २० डिसेंबर २०१० रोजी अवकाळी पावसानंतर निर्यात थांबली आणि फेब्रुवारी २०११मध्ये ती खुली झाली. ९ सप्टेंबर २०११ रोजी पुन्हा बंदी आली, पण नाशिकमध्ये लिलाव बंद पडले आणि दहा-बारा दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. २०१३मध्ये बंदीऐवजी किमान निर्यात मूल्य आले. या हत्याराची रीत अशी, की ठरवलेल्या डॉलरच्या खाली परदेशी करार करता येत नाही. हा आकडा जागतिक बाजाराच्या वर नेऊन ठेवला की बंदी न घालताही बंदी होते. ऑगस्टमध्ये तो टनाला ६५० डॉलर होता, सप्टेंबरात ९०० आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १,१५० झाला. नवा कांदा आल्यावर डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच दहा-बारा दिवसांत ८००, ३५० आणि १५० असा खाली आला. परदेशातल्या खरेदीदाराला तीन महिन्यांनंतरच्या पुरवठ्याचा शब्द द्यायचा, तो निर्यातदाराने कोणत्या आकड्याच्या भरवशावर द्यावा?

२०१९मध्ये १३ सप्टेंबरला ८५० डॉलरचे किमान मूल्य आले आणि २९ सप्टेंबरला पूर्ण बंदी. सोबत व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत जाहीरपणे या अचानक निर्णयाबद्दल नाराजी सांगितली आणि आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे म्हटले. दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान आणि इजिप्तमधून कांदा मागवला गेला, त्यासाठी धुरीकरणाचे नियम शिथिल झाले. तो माल बंदरात पोहोचेपर्यंत देशी कांदा बाजारात येऊ लागला होता आणि राज्यांनी आपली मागणी मागे घेतली. पुढच्या वर्षी जूनमध्ये केंद्राने अध्यादेश काढून सांगितले की कांद्यासारख्या शेतमालावर केवळ असाधारण परिस्थितीतच साठ्याचे निर्बंध येतील. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांतच, १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यात बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये साठ्याची मर्यादाही परत आली. बांगलादेशच्या सीमेवर कांद्याने भरलेले ट्रक अडकून पडले. ढाक्याने या वेळी लेखी चिंता कळवली.

डिसेंबर, सप्टेंबर, सप्टेंबर, सप्टेंबर. बंदीचे हे महिने योगायोगाने आलेले नाहीत. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो. सड, वजनातली घट आणि कोंब यांचे नुकसान सोसत तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरतो. हा साठा संपत येतो आणि खरिपाचा लाल कांदा पावसाने लांबतो, तेव्हा भाव चढतो. त्याच वेळी दिल्लीत हालचाल सुरू होते. पण निर्णयाचा परिणाम बाजारात उतरेपर्यंत लाल कांदा आलेला असतो. हा कांदा टिकत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. ज्याने चाळीत सहा महिने माल राखून चढ्या भावाचे चार पैसे मिळवले, तो तोवर मोकळा झालेला असतो. बंदीचा घाव बसतो तो लाल कांदा घेऊन बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरची रांग लावणाऱ्यावर. तेजीत त्याला काही मिळालेले नसते, मंदी मात्र पूर्ण त्याच्या वाट्याला येते. उळे टाकण्यापासून काढणीपर्यंत या पिकाला चार-पाच महिने लागतात आणि त्याच्या भावाचा निर्णय एका संध्याकाळी होतो. या नियमनातला खरा अन्याय इथे आहे.

२०२३ने हे सारे एका वर्षात दाखवले. फेब्रुवारीत भाव इतके कोसळले की सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता, २ रुपयांचा धनादेश मिळाला. राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर केले. सहा महिन्यांनी, १९ ऑगस्टला, चाळीतल्या कांद्याला जरा भाव येऊ लागताच ४० टक्के निर्यात शुल्क लागले. कांद्यावर असे शुल्क पहिल्यांदाच आले होते. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव थांबले. केंद्राने २ लाख टन जादा कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेण्याची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचे किमान मूल्य आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर बंदी. लासलगावचे सरासरी भाव पुढच्या दोन आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आले.

सरकारची अडचण खोटी नव्हती. देशाचे कांद्याचे उत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन होते, ते २०२३-२४ मध्ये सुमारे २४२ लाख टनांवर आले. एवढी तूट आली की शहरातल्या गरीब घरात कांदा परवडला पाहिजे, ही चिंता कोणत्याही सरकारला करावीच लागते. प्रश्न त्या चिंतेचा नाही, तिचा भार कोणी उचलायचा याचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी परवानगी जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क राहिले. म्हणजे टनाला ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर जाणे अशक्यच. २० मेला दिंडोरी आणि नाशिकमध्ये मतदान झाले, दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. १९९८मध्ये दिल्लीच्या ग्राहकाने जे केले, ते या वेळी कांदा पिकवणाऱ्याने केले. विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबरात, किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले.

या काळात आपण परदेशात काय गमावले, तेही मोजायला हवे. २०२२-२३ मध्ये भारतातून २५ लाख टनांहून जास्त कांदा गेला, पुढच्या वर्षी १७ लाख टनांच्या आसपास. आकडा पुढे भरून येईल; विश्वास इतक्या लवकर येत नाही. बांगलादेश आता स्वतःचे उत्पादन वाढवतो आहे. आखाती देश आणि मलेशियातले खरेदीदार पाकिस्तान, चीन आणि इजिप्तकडे वळायला शिकले आहेत. आपला माल चवीला, रंगाला सरस आहे, पण डिसेंबरमध्ये तो मिळेलच याची खात्री जो देऊ शकत नाही, त्याच्याशी वर्षाचा करार कोण करील?

म्हणून या मागोव्यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. निर्यातीवर निर्बंध कोणत्या भावाला आणि कोणत्या साठ्याला येतील, हे उळे टाकण्याआधी जाहीर व्हावे आणि प्रत्येक निर्बंधाला संपण्याची तारीख असावी. बंदराकडे निघालेला आणि करार झालेला माल त्यातून वगळावा. चढत्या भावाला जशी वरची मर्यादा आहे, तशी पडत्या भावाला खालची असावी. उत्पादन खर्चाच्या खाली भाव गेला की सरकारी खरेदी आपोआप सुरू व्हावी, तिच्यासाठी रस्त्यावर उतरण्याची वेळ येऊ नये. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाचा 'कृषक' प्रकल्प २०००च्या दशकाच्या आरंभी उभारला. कांदा टिकवण्याचे तंत्र दाराशी आले तरी देशाचा राखीव साठा अजून बहुतांश चाळींवरच विसंबून आहे. टंचाईवरचा टिकाऊ उपाय साठवणुकीत आहे आणि तिच्यावरचा खर्च बंदीच्या नुकसानीहून स्वस्त आहे.

शहरातल्या ताटाची काळजी हे सरकारचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. पन्नास वर्षे तो निफाड, चांदवड, येवला आणि चाकणच्या शेतकऱ्याच्या खिशातून गेला आहे, आणि हे आता थांबले पाहिजे.