साथीच्या काळात मदत पोचते कशी?

साथ आली की मदत करू इच्छिणाऱ्यांची वानवा नसते. 2020च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या शहरांनी हे पाहिले. गणेश मंडळे, गुरुद्वारे, मशिदी, सोसायट्या, कॉलेजची मुले सगळीच कामाला लागली. तरीही रस्त्यालगतच्या वस्तीत एकाच दुपारी तीन ठिकाणांहून खिचडी येई आणि आतल्या गल्लीत एकही गाडी पोचत नसे. कोणत्या घरात चूल पेटलेली नाही आणि तिथे आज कोण जाणार आहे, ही माहिती एका जागी नव्हती. ती एकत्र आणणे हे साथीतले सर्वांत मोलाचे स्वयंसेवी काम आहे. त्याचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्याची आठवणही राहत नाही.

ओळखीचा चेहरा

धारावी म्हणजे सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसे. एका खोलीत अख्खे कुटुंब आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. 1 एप्रिल 2020 रोजी तिथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा ‘अंतर राखा’ हा सल्ला पाळणे तिथल्या लोकांच्या हातात नव्हते. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने रुग्ण येण्याची वाट न पाहता त्यांना शोधून काढायचे ठरवले. पण विलगीकरणात नेतील या धास्तीने लोक ताप लपवतात. अशा वेळी दार उघडते ते ओळखीच्या माणसाला. वर्षानुवर्षे त्याच गल्ल्यांत दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर पुढे आले. पीपीई किट, थर्मल स्कॅनर आणि ऑक्सिमीटर पालिकेने पुरवले. विश्वास डॉक्टरांनी आधीच कमावलेला होता. खासगी डॉक्टर आणि दवाखान्यांमार्फत साडेसत्तेचाळीस हजार लोकांची तपासणी झाली.

अन्नवाटपही या कामापासून वेगळे नव्हते. घरी शिधा असेल, तरच कमावता माणूस चौदा दिवस विलगीकरणात राहू शकतो. स्वयंसेवी संस्थांनी पोचवलेले धान्य आणि जेवण म्हणूनच रोग रोखण्याच्या कामाचा भाग ठरले. 10 जुलै 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा आवर्जून उल्लेख केला, तो प्रशासन आणि वस्ती यांच्या या एकत्र कामाचा गौरव होता.

वस्तीच्या विश्वासाचे हे सूत्र तुटले की काय होते, ते पुण्याने 1897च्या प्लेगमध्ये भोगले. प्लेग समितीचा अध्यक्ष असलेल्या रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली सैनिक घराघरांत शिरले, माणसांना छावण्यांत नेऊ लागले. लोक रुग्ण लपवू लागले आणि संताप साचत गेला. त्याच साथीत डॉ. यशवंत फुले यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला. त्यांच्या आई सावित्रीबाई फुले रुग्णांना तिथे आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. त्यातच प्लेगची लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. आपले माणूस न्यायला आले की रुग्ण बाहेर येतो, हे तेव्हाही खरे होते.

वेळेचे गणित

मदत योग्य वेळी पोचली नाही तर वायाही जाते. रक्तदानाचे उदाहरण घ्या. तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. एकाच रविवारी दहा मंडळांनी शिबिरे घेतली, तर त्या आठवड्यात साठा ओसंडतो आणि पुढच्या महिन्यात रुग्णाचे नातेवाईक दारोदार फिरतात. म्हणून शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी. 2020मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीऐवजी ‘आरोग्योत्सव’ केला आणि रक्तदान व प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. एवढी मोठी ताकद गरजेच्या वेळापत्रकाशी जोडली गेली, तर तिचा उपयोग कितीतरी वाढतो.

माहितीचे आयुष्य त्याहूनही कमी असते. 2021च्या दुसऱ्या लाटेत खाटा आणि ऑक्सिजनचे संदेश मोबाइलवर धो धो येत होते. त्यातले कित्येक क्रमांक लागत नसत, खाट केव्हाच भरलेली असे. ज्या गटांनी आधी स्वतः फोन करून खात्री केली, संदेशावर वेळ घातली आणि शिळे संदेश काढून टाकले, त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांचे मोलाचे तास वाचवले. घरी बसून, फोनवर केलेली ही सेवा कोणत्याही वाटपाइतकीच महत्त्वाची होती.

सेवेलाही मर्यादा हवी

ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा सेविका असते. कोण गरोदर आहे, कोणाला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, हे तिला ठाऊक असते. कोरोनाच्या सर्वेक्षणाचा भार तिच्यावरच पडला. जून 2021मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. जे काम रोज, जबाबदारीने आणि जोखीम पत्करून करायचे आहे, त्याला रास्त मोबदला आणि संरक्षण मिळालेच पाहिजे. स्वयंसेवकांनी तिच्या हाताखाली काम करावे, तिच्या जागी नव्हे. आणि त्यांच्याही पाळ्या ठरलेल्या असाव्यात. थकलेला माणूस चुका करतो आणि आजारीही पडतो.

आजच करण्याजोगे

पुढच्या साथीची तयारी साथ नसतानाच होते. प्रत्येक सोसायटीने, चाळीने, वाडीने एक यादी करावी: एकटे राहणारे वृद्ध, डायलिसिसवर असलेले, रोजंदारीवरची कुटुंबे, शिवाय कोणाकडे वाहन आहे, कोण परिचारिका आहे. ही यादी दोन जबाबदार माणसांकडेच असावी, व्हॉट्सअॅप गटावर कधीही टाकू नये. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांशी आणि आशाताईंशी ओळख करून घ्यावी. शेजारच्या मंडळाशी बोलून गल्ल्या वाटून घ्याव्यात. पावसाळ्यात डेंग्यू येतोच. ही घडी त्या वेळी वापरून पाहावी, उणिवा कळतील. चांगुलपणा आपल्याकडे भरपूर आहे. तो अडलेल्या दारापर्यंत पोचावा, यासाठी एवढी व्यवस्था लावणे हे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहे.