बंदिवासातून आलेले आनंदाचे पत्र

सुखदुःखाचे येणेजाणे माणसाच्या हाती नसते, हे सर्वांनाच अनुभवाने ठाऊक असते. हाताशी आलेले पीक बुडते, नोकरी जाते, घरातील कर्ते माणूस अंथरुणास खिळते. अशा वेळी कोणी 'आनंदी राहा' असा उपदेश केला, तर तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटतो. तथापि ख्रिस्ती धर्मग्रंथात नेमकी अशीच आज्ञा आढळते. संत पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्तजनांस लिहिलेल्या पत्रात ती आहे, आणि एकदा सांगून त्याचे समाधान न झाल्यामुळे त्याने ती तेथल्या तेथे पुन्हा सांगितली आहे. आनंद ही मनाची वृत्ती होय. तिला आज्ञा कशी करावयाची? आणि आज्ञेबरहुकूम आलेला आनंद खरा कसा मानावयाचा? ही शंका रास्त आहे. तिचे निरसन व्हावयाचे तर ती आज्ञा कोणी, कोठून आणि कोणास केली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

फिलिप्पै हे मॅसिडोनियातील नगर. राजा दुसरा फिलिप याने इ. स. पूर्व ३५६ मध्ये ते आपल्या ताब्यात घेऊन त्यास स्वतःचे नाव दिले. इ. स. पूर्व ४२ मध्ये ब्रूटस व कॅसियस यांचा पराभव याच नगराजवळ झाला, आणि पुढे रोमच्या निवृत्त सैनिकांना येथे जमिनी देऊन वसविण्यात आले. अशा या शिपाईगड्यांच्या नगरात इ. स. ५० च्या सुमारास पौल आला. नदीकाठी प्रार्थनेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे तो बोलला, आणि लुदिया नावाच्या, जांभळे उंची वस्त्र विकणाऱ्या स्त्रीने प्रथम विश्वास ठेवून आपले घर त्याच्यासाठी उघडले. पुढे एका दासीच्या भविष्यकथनावर पैसा मिळविणाऱ्या धन्यांचा धंदा पौलामुळे बुडाला. त्यांनी पौल व सीला यांना अधिकाऱ्यांपुढे खेचले. दोघांना छड्यांनी मारून आतल्या कोठडीत टाकण्यात आले आणि त्यांचे पाय खोड्यांत अडकविण्यात आले. मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करीत देवाची स्तोत्रे गात होते, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यानंतर भूकंप होऊन दारे उघडली. येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. बेड्या तुटल्या म्हणून गाणे सुरू झाले नाही. गाणे चालू होते तेव्हा बेड्या जशाच्या तशा होत्या.

यानंतर काही वर्षांनी पौल पुन्हा बंदीत पडला, आणि तेथून त्याने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. परंपरेनुसार ही कैद रोममधील, इ. स. ६० ते ६२ च्या सुमाराची. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया या नगरांची नावे घेतात. स्थळ कोणतेही असो, निकाल मृत्यूचाही लागू शकेल हे पौल जाणून होता. त्या काळच्या बंदिवानाला अन्नवस्त्रासाठी बहुधा आप्तमित्रांवरच अवलंबून राहावे लागे. म्हणून फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या बांधवाच्या हाती त्याला मदत पाठविली होती. तिची पोच म्हणजे हे पत्र. अवघ्या चार अध्यायांच्या या पत्रात 'आनंद' आणि 'आनंद करणे' या अर्थाचे शब्द मूळ ग्रीकमध्ये सुमारे सोळा वेळा आले आहेत.

आता हा आनंद कोणत्या जातीचा आहे ते पाहू. पहिली गोष्ट ही, की तो दुःख नाकारीत नाही. एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता. तो गेला असता तर आपल्यावर दुःखामागून दुःख कोसळले असते, असे पौल आडपडदा न ठेवता लिहितो. प्रभू येशूनेही लाजराच्या कबरेपाशी अश्रू ढाळले. म्हणून ज्या घरी मृत्यू झाला आहे, त्या घरच्यांनी आपण रडतो म्हणजे आपली श्रद्धा कमी पडते, असे मानून स्वतःला दोष लावून घेण्याचे कारण नाही. ग्रीक भाषेत 'आनंद' आणि 'कृपा' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. देव आपला आहे, आणि जिवंतपणी वा मरणानंतर आपण त्याच्या हातून निसटत नाही, ही जाणीव म्हणजे त्या आनंदाचे मूळ. वरच्या फांद्या वाऱ्याने हेलकावतात. मूळ जमिनीत असते. पौलाची आज्ञा त्या मुळाकडे वळण्याची आहे. चेहऱ्यावर हसू आणण्याची सक्ती तीत नाही.

शांतीविषयीही असेच आहे. हिब्रू भाषेतील 'शालोम' या शब्दाचा अर्थ केवळ भांडण नसणे एवढाच नाही. सर्व काही अभंग, सुस्थितीत व आपापल्या जागी असणे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. पौल सांगतो की देवाची शांती तुमच्या अंतःकरणांचे रक्षण करील. तेथे त्याने वापरलेले क्रियापद सैनिकी परिभाषेतील असून त्याचा अर्थ पहारा ठेवणे, ठाणे राखणे असा आहे. शिपायांच्या वस्तीला ते तत्काळ उमगले असेल. पहारा बसतो तो शत्रूचे भय असते म्हणूनच. चिंता वेशीपर्यंत येईल, रात्री दारही ठोठावील. परंतु मनाचा कबजा तिला मिळू नये, एवढ्यासाठी ही शांती दारात उभी असते.

ती लाभावी कशी, हेही पौलाने सांगितले आहे. चिंतेत गुरफटून न राहता प्रत्येक गरज देवापुढे मांडावी, आणि मागणे मांडताना उपकारस्तुतीही करावी. चिंता मोघम असते, तर मागणे नेमके करावे लागते. 'माझे कसे होईल' या घोळातून 'मुलाची फी या महिन्यात भरावयाची आहे' या स्पष्ट शब्दांपर्यंत येताच मनाचा अर्धा भार उतरतो. आभार मानताना मिळालेल्या गोष्टींची आठवण होते, आणि उणिवेने व्यापलेली दृष्टी मोकळी होते. ज्या ग्रीक क्रियापदाने पौल चिंता करू नका म्हणतो, तेच क्रियापद त्याने याच पत्रात तीमथ्याच्या स्तुतीसाठी योजिले आहे, कारण तीमथ्य फिलिप्पैकरांची मनापासून काळजी वाहत असे. तेव्हा आईने मुलाची, शिक्षकाने विद्यार्थ्याची काळजी घेणे वर्ज्य नाही. काळजी कामाला लावते, चिंता हातपाय गाळावयास लावते. हा विवेक ठेवावयाचा आहे. पुढे तो जे सत्य, न्याय्य, शुद्ध व प्रशंसनीय असेल त्याचे मनन करावयास सांगतो. मन रिकामे राहत नाही. त्यास खाद्य कोणते द्यावयाचे, एवढे आपल्या हाती असते.

हे एका दिवसात साधत नाही. कोणत्याही स्थितीत समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, असे पौल लिहितो. म्हणजे ही वृत्ती त्याला जन्मतः लाभलेली नव्हती. विपुलता व टंचाई या दोहोंचे मर्म कळले, हे सांगताना तर त्याने रहस्यदीक्षेचा वाचक शब्द वापरला आहे. त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञही संतुष्टतेचा पुरस्कार करीत, पण त्यांचा ज्ञानी पुरुष स्वयंपूर्ण असे. पौलाचे समाधान ख्रिस्ताच्या बळावर उभे आहे, आणि म्हणूनच मित्रांची मदत स्वीकारताना त्याला कमीपणा वाटत नाही.

मनातली शांती घरात व मंडळीत उतरली नाही, तर ती अपुरीच राहते. फिलिप्पैमध्ये युवदीया आणि सुंतुखे या दोन कर्तबगार स्त्रियांमध्ये बेबनाव झाला होता. पौलाने तो झाकून ठेवला नाही. दोघींची नावे घेऊन एकचित्त होण्याची विनंती केली, आणि त्यांना साहाय्य करण्यास एका सहकाऱ्यास सांगितले. कॅथॉलिक मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेनंतर, ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी शांतीचे अभिवादन होते, त्याचे मर्म हेच. भारतात पुष्कळ ठिकाणी ते हात जोडून केले जाते. शेजारच्या बाकावरील भावाशी बांधावरून अबोला असेल, तर त्या जोडलेल्या हातांची कसोटी तेथेच लागते.

मराठी भाषेतही या आनंदाची साक्ष आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर राहून लोकापवाद व हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. पुढे त्यांनीही १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. परंतु 'स्मृतिचित्रे' वाचताना कोणत्याही पंथाच्या वाचकाला जाणवते की इतके सोसूनही त्या लेखणीत कडवटपणा नाही. स्वतःकडे पाहून हसण्याची शक्ती दुःखाने हिरावून नेलेली नाही.

ख्रिस्तसभेने हा बोध आपल्या वार्षिक उपासनेतही गुंफला आहे. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. तिसऱ्या रविवारी मात्र ती गुलाबी असू शकतात, आणि त्या दिवसाचे प्रवेशवचन फिलिप्पैकरांच्या पत्रातील याच आनंदाच्या आज्ञेवरून घेतलेले आहे. प्रतीक्षा संपलेली नसते, तरीही आनंदाला आरंभ होतो. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये ख्रिस्ती आनंदावर स्वतंत्र पत्र लिहिले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये आपल्या विस्तृत उपदेशपत्राच्या शीर्षकातच सुवार्तेच्या आनंदाला स्थान दिले.

रात्री दिवा मालविण्यापूर्वी एक गरज नाव घेऊन देवापुढे मांडावी, एका गोष्टीबद्दल त्याचे आभार मानावेत, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एका माणसाकडे उद्या कोणत्या निमित्ताने जाता येईल, हे ठरवावे. पौलाने बेड्यांत बसून जे लिहिले, ते आचरण्यास एवढा आरंभ पुरेसा आहे.